पाचवी ‘अ’च्या बाई, माझ्या जाऊबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपल्या शाळेचे मुख्याध्यापक, व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्रमुख पाहुण्या शिक्षणाधिकारी बाई, संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य, माझे सहकारी, शिपाईमामा, पालकवर्ग, मागे दाटीवाटीने बसलेले विद्यार्थी, पहिल्या रांगेत बसलेले माझे सासरे, आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, पाचवी ‘अ’च्या बाई...

आता ‘बाई’ म्हणताना माझी जीभ अडखळते. कारण शाळेच्या दारातून बाहेर पडलं की त्या माझ्या वहिनी. मी धाकटी जाऊ, त्या मोठ्या. घरी एकच ओटा, शाळेत दोन वर्गांत एकच भिंत. मी पाचवी ‘ब’. अध्यक्षमहाराज, हे एकत्र कुटुंब की शिक्षा, ते आपणच ठरवा!

माझ्या आधी बोललेल्या सर्वांनी त्यांच्याबद्दल आदर, प्रेम, कृतज्ञता व्यक्त केली. मग माझ्या वाट्याला काय उरलं? मला त्यांचा हेवा वाटतो. हे काही गुपित नाही, शिक्षकखोलीतल्या कपाटालाही ते ठाऊक आहे. लग्न करून आले तेव्हा सासरे म्हणाले होते, “मोठीसारखी चपाती जमली म्हणजे झालं.” तिथून सुरुवात.

शाळेतला हेवा मात्र एका धड्यामुळे पिकला. माहितीपर पुस्तक कसं वाचावं, हा तो धडा. मी तो शिस्तीत शिकवायची. फळ्यावर लिहायची, ‘अनुक्रमणिका म्हणजे प्रकरणांची क्रमवार यादी.’ मग शीर्षक, उपशीर्षक, चित्राखालची ओळ, नावं दिलेली आकृती, शब्दार्थ, सूची. मुलं सुंदर अक्षरात उतरवायची. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि ऐकू काय यायचं? भिंतीपलीकडचा ‘अ’चा गोंधळ!

वहिनी चार-चार मुलांचे गट करायच्या आणि सांगायच्या, “ज्या विषयावर जगात एकही पुस्तक नाही, त्यावर पुस्तक करा. दुसऱ्या गटाला हवी ती गोष्ट पटकन सापडली पाहिजे. नाही सापडली तर चूक वाचणाऱ्याची नाही, तुमची.” एका गटाने आपल्या सोसायटीतल्या अडकणाऱ्या लिफ्टवर पुस्तक केलं. एकाने मुख्याध्यापकांवर करायला घेतलं होतं. तो विषय का बदलावा लागला, ते अध्यक्षांनी आपल्या भाषणात सांगावं, ही विनंती.

एका वर्षी माझी लेक ‘अ’मध्ये होती. आईच्या वर्गात मूल नको, असा शाळेचा नियम. काकूच्या वर्गात चालतं! रोज जेवताना तिचं एकच, “काकू म्हणाली, काकू म्हणाली.” घास माझ्या हातचा, गुणगान काकूचं. आणि तिच्या गटाने विषय कोणता घ्यावा? ‘आमचे आजोबा.’

सासऱ्यांना त्याच्या आदल्या वर्षी पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला आणि शब्दही विस्कटले. ते घड्याळाला ‘चप्पल’ म्हणत, चपलेला काहीच म्हणत नसत. वहिनींना मात्र नीट ‘मोठी’ म्हणत. आणि मला? ‘पाणी.’ दिवसभर उठबस मी करायची आणि माझं नाव पाणी! वाईट वाटणार नाही का हो?

चार पोरं आमच्या पुढच्या खोलीत ठाण मांडून बसली. मी वहिनींना म्हटलं, “घरातलं दुखणं शाळेत कशाला मांडायचं?”

त्या म्हणाल्या, “बाबांना विचारलंय मी. ते हो म्हणाले.”

“हो म्हणाले की चप्पल म्हणाले?”

“हसले,” वहिनी म्हणाल्या.

पोरं भांडायची तरी किती! उपशीर्षक ‘राग’ असावं की ‘आजोबा कधी चिडतात’, यावर दोन दिवस अबोला. शेवटी पुस्तक झालं. डिंकाने फुगलेलं, ओळी वाकड्या. एका फोटोखाली लिहिलं होतं, ‘आजोबा हसताना. हसू डाव्या बाजूला आहे.’ पानभर आजोबांची आकृती, बाण काढून नावं: हा हात ऐकत नाही. इथे गुदगुल्या होतात. शब्दार्थांत ‘पाणी’चे दोन अर्थ दिले होते: एक, पाणी. दोन, धाकटी सून. खात्री करायला त्यांनी आजोबांपुढे ग्लास आणि माझा फोटो ठेवून विचारलं होतं म्हणे.

मी पुस्तक चाळलं आणि लेकीला म्हटलं, “अक्षर सुधार.”

पुढे एका शनिवारी वहिनी शाळेत पेपर तपासत होत्या, घरी मी आणि सासरे. ते एकदम “पाणी, पाणी” करू लागले. मी ग्लास दिला, त्यांनी ढकलला. चहा विचारला, पंखा लावला. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि शब्द एकच. मग डाव्या हाताने त्यांनी उशाशी ठेवलेलं पोरांचं ते पुस्तक ओढलं, आकृतीचं पान काढलं आणि छातीवर बोट ठेवलं. तिथून ते बोट खांद्यावर नेलं, खांद्यावरून जबड्यावर. बंधुभगिनींनो, मी आयुष्यभर आकृतीची व्याख्या शिकवली. आकृती कशासाठी असते, ते मला त्या क्षणी कळलं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, “हृदयविकाराचा झटका आहे. वेळेवर आणलंत.”

संध्याकाळपर्यंत नातेवाइकांची रीघ लागली. जो येई तो म्हणे, “मोठीच्या वर्गाने म्हाताऱ्याला वाचवलं हो!” मी बाकावर सासऱ्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. सासरे वाचल्याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू? पण आत जळफळाटही होता. दोन्ही एकाच वेळी होतं.

गर्दी पांगल्यावर वहिनी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “हेवा वाटतोय ना?”

“हो,” मी म्हटलं. “वाटतोय.”

“मलाही वाटतो तुझा.”

“माझा? कसला?”

त्या चपलांकडे बघत म्हणाल्या, “माझ्या वर्गात प्रत्येक पोर कधी ना कधी चुकून मला ‘आई’ म्हणतं. बाई म्हणायच्या ऐवजी जीभ घसरते गं त्यांची. वर्षभर वाट बघितली. तुझ्या लेकीची जीभ एकदाही घसरली नाही.”

वहिनींना मूल नाही, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे. मी सासऱ्यांची एक चप्पल वहिनींच्या मांडीवर ठेवली. दोघी एकेक चप्पल घेऊन डॉक्टर येईपर्यंत बसून राहिलो.

सुट्टीनंतर मीही ‘ब’मध्ये गट केले. पहिल्याच दिवशी दोन पोरांनी एकमेकांची पानं फाडली. मी भिंतीवर थाप मारली. वहिनी दारात येऊन म्हणाल्या, “भांडण मिटवू नकोस. कशावरून भांडतायत, ते विचार.” विचारलं. भांडण शब्दार्थावरून होतं! गेली काही वर्षं आमचा वर्गही गोंधळात तुमच्या वर्गाला हार जात नाही, वहिनी. पुस्तकं मात्र अजून तुमचीच सरस होतात. ते मला आजही खुपतं.

सोमवारपासून भिंतीपलीकडे दुसरं कुणी असेल. वहिनी घरी, दिवसभर सासऱ्यांजवळ. त्यांच्याशी गप्पा मारतील, नवे शब्द शिकवतील. मी घरी पोहोचेन तेव्हा ते दोघं कशावर तरी हसून मोकळे झालेले असतील आणि मला पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारावं लागेल. आताच पोटात दुखायला लागलंय!

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांची, संचालक मंडळाची आणि एवढा वेळ शांत बसलेल्या विद्यार्थ्यांची मी ऋणी आहे. घरचं चव्हाट्यावर मांडताना काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. वहिनींची माफी मात्र मी इथे मागत नाही. आम्हा दोघींना आता एकाच घरी जायचंय.