हात लावायचा न्हाई

कोल्हापुरातल्या दवाखान्यात, रक्ताच्या कॅन्सरच्या ओपीडीबाहेर अक्षता वडिलांची तपासणी संपायची वाट बघत बसली होती. शेजारी कोडोलीच्या झुंबरबाई आणि कसबा बावड्याच्या सरुबाई बोलत होत्या. आधीची ओळख नव्हती, पण सरुबाईंना बोलायला ओळख लागत नव्हती.

"दुखणं नव्यानंच लागलंय जणू?"

"व्हय, मलाच. मागल्या आठवड्यात कळलं. पोटात इंजेक्शन, वर दोन तऱ्हेच्या गोळ्या."

"आमच्या मालकांनाबी तेच. तिन्ही मिळून चालतंय."

"त्यातली एक गोळी नगं म्हटलं डॉक्टरला. ऐकंना. नुसत्या इंजेक्शननं भागत न्हाई म्हणं."

"का नगं म्हटलासा?"

"लेक बाळंतपणाला आल्ती. त्या गोळीला गरवार बाईनं हात लावायचा न्हाई, पोटातल्या बाळाला बाधतंय."

"मग?"

"धाडली सासरला."

"पहिलटकरीण न्हवं?"

"पहिलटकरीणच की."

"आजार सांगितला का तिला?"

"सांगितला असता तर गेली असती व्हय? मला बाळंतपण झेपत न्हाई म्हटलं. जाताना पाया पडाय वाकली. मी नुकतीच गोळी घेतल्याली. पाय मागं घेतलं."

सरुबाईंनी झुंबरबाईंच्या हातावर हात ठेवला.

"बाई, डॉक्टरनी गोळीला हात लावू नगं म्हटलंय. तुमास्नी न्हवं."

झुंबरबाईंनी पिशवीतला फोन काढून अक्षतापुढं धरला.

"पोरी, लेकीचं नाव संघप्रिया हाय बघ. तेवढा लावून दे."

अक्षतानं लावून दिला.

"व्हय, मीच. माघारी कवा येतीस?"