जयपूरच्या पाण्यात डाळ शिजत नाही

सगळे म्हणतात म्हणून ते खरं, असं मला कुणी सांगू नका. २००३ साली माझी बँकेतून जयपूरला बदली झाली. प्रताप नगरमधल्या चार मराठी घरांना आम्ही जेवायला बोलावलं आणि नेमकी कुकरची रिंग गेल्यामुळे वरण कच्चं राहिलं. मी ठोकून दिलं, "इथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजतच नाही. रात्रभर भिजत घालावी लागते."

तीन वर्षांनी, नागपूरहून नुकत्याच आलेल्या जोशीवहिनींनी माझ्या बायकोला हेच ऐकवलं. वर म्हणाल्या, "सगळेच सांगतात."

मी म्हटलं, "वहिनी, ती थाप माझीच. आमच्या कुकरची रिंग गेली होती."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"भाऊजी, तुम्ही जयपूरला नवीन दिसता."