कोणाला माहीत? वैतीला!

...नाही, पण सव्वीस वर्षं ज्याला कुणी 'जेवलात का' विचारलं नाही, त्याला अचानक रोज चहा का पाजतात? संशय येणार की नाही? अंबरनाथ एमआयडीसीतली आमची पंपांची फॅक्टरी, स्टोअर माझ्याकडे, आणि अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये (तारीख डायरीत आहे!) ही नीलिमा मॅडम कॉम्प्युटर घेऊन समोर! "वैतीकाका, एकेका वस्तूचे गुणधर्म सांगा हं. कशाची बनते, कशात बसते, कुठे ठेवता..." मी सांगतोय, ती टाईप करतेय, आणि तिकडे बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीची यादी! यादी साहेबांची, स्वेच्छा आमची! म्हणजे वैतीचं डोकं त्या डब्यात उतरलं की वैती गेटबाहेर... संशय येणार की नाही?

तुम्हाला सांगतो, त्या डब्यात वस्तूंचं खानदान असतं. सगळ्यात वर आजोबा, 'वस्तू'. त्यांच्या पोटी 'वॉल्व्ह', त्याच्या पोटी 'पितळी वॉल्व्ह'. आजोबांना गुणधर्म चिकटवला की नातवंडांना आपोआप! मॅडम जेवायला गेल्या, मी एका बोटानं टाकला नवा गुणधर्म, 'कोणाला माहीत', पुढे 'वैती'. थेट आजोबांना! आता काढा मला!

...आणि महिन्याभरात बारा पितळी वॉल्व्ह गायब! आमचे मॅनेजर प्रधानसाहेब कॉम्प्युटर उघडतात, तर समोर, 'कोणाला माहीत: वैती'! "काय वैती, कॅम्प दोनच्या भंगारबाजारात विकले का?" कँटीनची कढई हरवली, तिथेही वैती! झाडू हरवला, वैती! लागली चौकशी माझ्यामागे!

मॅडम बिचारी शोधतेय. "काका, वॉल्व्हमधून पुसला जात नाही, झाडूमधून जात नाही, हा वरून कुठून तरी येतोय!" मी आपला नट-बोल्ट मोजतोय. शेवटी चढत चढत आजोबांपाशी पोचली. "सापडला! काढू का?"

म्हटलं, थांब बाई. खिशातलं चौकशीचं पत्र पुन्हा वाचलं. कलम चार, चौकशी पूर्ण होईपर्यंत कामगाराला निवृत्त करता येणार नाही. वा! म्हटलं, राहू दे, चौकशीत कामाला येईल. ती बघतच राहिली. तिलाही संशय येणार की नाही?

आणि परवा सापडले हो ते बारा वॉल्व्ह, जुन्या पॅकिंगच्या खोक्यामागे, मीच ठेवलेले. कोणाला माहीत?

...कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.