वांगी रंगाची पांढरी भिंत

स्टोयांका : दिवा लावू नका, ल्युबेनसाहेब. दुपारचे बारा वाजलेत. तुम्ही काढलेल्या शाळेच्या चित्रात या वेळी या वर्गात ऊन फुगड्या घालत होतं.

ल्युबेन : बाई, नोव्हेंबरात रुसे गावावर आभाळ असायचंच. त्याला आर्किटेक्ट काय करणार?

स्टोयांका : आभाळ दरवर्षीचंच आहे. शाळा तेवढी यंदाची. जुन्या इमारतीत बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी. अधू नजरेची पोरं तिथं बाकावर बसून वाचायची. इथं खिडकीपाशी रांग लावतात.

ल्युबेन : वर्षभराचा उजेड तासातासानं संगणकावर काढून बघितलाय आम्ही. आकड्यांत चूक नाही.

मिलेना : चूक नाहीच, साहेब. फक्त ते आकडे या भिंतीचे नाहीत.

ल्युबेन : या कोण?

स्टोयांका : मिलेना. उजेड मोजते. सकाळपासून भिंतीची नाडी बघतेय.

मिलेना : तुमच्या फायलीत ही भिंत शंभरातले चौऱ्याऐंशी भाग उजेड परत फेकते. यंत्र म्हणतंय, एकोणीस.

ल्युबेन : शक्यच नाही. पांढरा गिलावा आहे.

स्टोयांका : पांढरा? अहो, वांग्यासारखी आहे की! नजर पोरांची अधू आहे. तुमची कधी गेली?

ल्युबेन : तो... रंग मागून बदलला. पांढरं अगदी दवाखान्यासारखं दिसत होतं.

मिलेना : रंग बदललात, आकडा तसाच ठेवलात. काचेचंही तेच. फायलीत स्वच्छ काच, खिडकीत हिरवट. तिच्यातून जेमतेम अर्धा उजेड आत येतो. आणि छताचा आकडा तर कुणी घातलेलाच नाही. प्रोग्रॅमसोबत आयता आला, तोच राहिलाय.

ल्युबेन : सगळेच तसं करतात.

स्टोयांका : मीठही सगळे अंदाजानंच घालतात, साहेब. पण वाढण्याआधी चाखतात! तुम्ही न चाखताच बक्षीस घेऊन आलात. म्हणे, ‘उजेडाचं घर’!

ल्युबेन : ते परीक्षकांनी दिलं.

स्टोयांका : चित्र बघून. इथं एकानंही पाऊल ठेवलं नाही. बरं, हे वाचा. आमच्या राद्काची चिठ्ठी आहे, नऊ वर्षांची आहे ती. हं, तिच्याच बाकाशी उभे राहा.

ल्युबेन : ‘बाई, नव्या शाळेत...’ पेन्सिल फार फिकी आहे. खिडकीशी जाऊ का?

स्टोयांका : जा की. तीही तिथंच जाते.

(ल्युबेन खिडकीशी जाऊन वाचतो.)

ल्युबेन : ‘नव्या शाळेत आल्यापासून माझे डोळे आणखी बिघडले. आईला सांगू नका.’ ... खरंच बिघडलेत?

स्टोयांका : गेल्या आठवड्यात तपासून आणले. होते तसेच आहेत.

ल्युबेन : मग सांगितलंत ना तिला?

स्टोयांका : दोनदा. तिला पटतच नाही. म्हणते, एवढी नवी शाळा, ती कशी चुकेल?

ल्युबेन : ...आत्ता कुठे आहे ती?

स्टोयांका : खाली. जेवायला बसलीत सगळी.

ल्युबेन : चला. मीच सांगतो तिला.