तीन वेळा वाजलेला फोन

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी खगोलशास्त्राचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बहीण बसली होती.

“आपला धाकटा जाऊन सहा महिने झाले, दादा. त्याने माफी मागायला फोन केला होता, तेव्हा तू काय म्हणालास?”

“म्हणालो, एवढ्या अफाट विश्वात आपण धुळीचे कण. तुझी चूक काय नि माझी माफी काय, कशालाच अर्थ नाही.”

“म्हणजे माफ केलंस?”

“छे. फोन ठेवून दिला. राग होताच मनात. विश्वाचं नुसतं पांघरूण घातलं त्यावर.”

“त्याला ते पटलं होतं, बरं का. मला म्हणाला, दादाचं खरंय, आपण कणच. म्हणून तर एकमेकांना सोडून चालणार नाही.”

“असं म्हणाला?”

“हो. मग तीनदा फोन केला तुला.”

“वाजत होता. म्हटलं, बोलू सावकाश. आमच्या विषयात लाख वर्षं म्हणजे काहीच नाही गं.”

“त्याच्याकडे अकरा दिवस होते.”

“तो जाणार, हे तुला तेव्हाच ठाऊक होतं?”

“त्याने शपथ घातली होती. दयेपोटी दिलेली माफी त्याला नको होती.”