नवरदेवाची गाडी जमिनीले टेकली

मी नांदुऱ्याचा. बाप माहा टांगेवाला, स्टेशनावर उतरलेली सवारी बाजारात नेऊन सोडाची अन् बाजारातली स्टेशनावर. तसा शांत माणूस, कोणाले अरे म्हणे ना तुरे म्हणे, पण दुसऱ्या एखाद्याच्या घोडीच्या डोक्यावर नवा लाल तुरा दिसला की घरी येऊन ताटाकडे पाठ करून बसे. मग मायनं आपल्या लुगड्याची किनार फाडाची, आपल्या घोडीले तुरा करून द्याचा, तेव्हा कुठं हा भाकरीले हात लावे. कोणाच्या घराण्यात शुगर राहते, कोणाच्या घराण्यात बीपी, आमच्या घराण्यात हे जळणं हाय, मी काही नवीन काढलेलं नाई, तुम्ही गोष्ट लिहाले बसल्या तर हे आधी लिहून घ्या ताई.

तर मी मोठा झालो, लग्न झालं, वरवट बकालले कृषी केंद्र टाकलं, बियाणं, औषधी, फवाऱ्याचे पंप. राहतो नांदुऱ्यालेच. रोज सकाळी जातो, दिवसभर कपाशीवरच्या अळीच्या गोष्टी ऐकतो, अन् संध्याकाळी येतो. अन् जातो कशात, तर माह्या गाडीत. जांभळट निळी सेडान. अकोल्याच्या एका डॉक्टरनं वापरलेली, म्या हप्त्यावर घेतली. नावाले चार दाराची घरगुती गाडी, पण पाय दाबला की पाठ सीटले चिकटते, अशी. बायको माही, संगीता, म्हणे वांग्याच्या रंगाची गाडी कोण घेते हो. म्या म्हटलं, तुले गाडीतलं काय समजते. म्हणे, वांग्यातलं समजते.

आता साडू. माहा साडू प्रमोद, संगीताच्या लहान बहिणीचा, वर्षाचा नवरा, देऊळघाटचा. आम्ही घाटाखालचे अन् तो घाटावरचा. भाऊ वाटणीसाठी भांडते, शेजारी शेताच्या धुऱ्यासाठी भांडते, साडूसोबत भांडाले काहीच नसते, म्हणून त्याच्यावर जीव जास्त जळते, काय सांगू तुम्हाले. त्यात हा प्रमोद माणूस चांगला. हाच तर वांधा हाय. दारू नाई, तंबाखू नाई, सासऱ्याच्या मोतीबिंदूच्या वेळेस दवाखान्यात हाच बसला, शेतात राबून अंगानं असा की शर्टाच्या बाह्या टाइट होते. वाईट असता तर म्या त्याले कधीच माफ केलं असतं.

अखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, आम्ही दोघं जवाई सासरवाडीले गेलो, मोताळ्याजवळ खेडं हाय. तिथं प्रमोदनं नवी गाडी आणली. काळी, उंच, चढाले पायरी लागते अशी. सारं गाव पाहाले आलं. माही गाडी बाजूले उभी, तिच्यावर कोंबडी बसली होती. तरी म्या हसत हसत म्हटलं, छान हाय, छान हाय. तर प्रमोद माह्या गाडीजवळ आला, चाकापाशी वाकला अन् काय म्हणे, भाऊजी, गाडी तुमची एक नंबर, पण चाकाच्या वर एवढी जागा काऊन सोडली बुवा कंपनीनं? नाल्यातून जातांना बाई लुगडं वर धरते, तशी दिसते.

सारे हसले. सासरे हसले. माही बायको तर एवढी हसली की तिले ठसका लागला.

त्या दिवसापासून मले दुसरं काही दिसेच ना. टायर अन् त्याच्या वरची कमान, मधात जागा. मूठ घालून पाहिली, मूठ जाऊन वर जागा उरे. कंपनी आपल्या रस्त्यांसाठी गाडी उंच ठेवते हे मले मालूम, पण मालूम असून काय फायदा. गिऱ्हाईक समोर उभं राहून म्हणे, भाऊ, बोंडअळीवर काय मारू, अन् मी दुकानाच्या दारातून त्या जागेकडे पाहून राह्यलो. मग मोबाइलवर पाहत गेलो. मोठ्या शहरातली पोरं गाड्या कशा खाली बसवते, आखूड अन् कडक स्प्रिंग टाकते, त्याले लोअरिंग स्प्रिंग म्हणते, गाडी अशी जमिनीले धरून चालते जशी मांजर उंदरावर चालली. म्या पुण्याहून मागवले. लाल रंगाचे. खोकं घरी आलं तर संगीता म्हणे हे काय. म्या म्हटलं शॉकअप गेले गाडीचे. म्हणे, कालच तर तुम्ही म्हणत होते लोण्यासारखी चालते.

खामगावले जाकीरभाई हाय, शॉकअपचं काम करते. त्यानं नवे स्प्रिंग हातात घेतले, उलटेपालटे केले, माह्याकडे पाहून म्हणे, भाईजान, लोग उंची बढाने आते, आप घटाने आये? किसीने कुछ बोला क्या? म्या म्हटलं, कोणी काऊन बोलीन. म्हणे, बोला है.

मग लागला कामाले. गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, शॉकअप खोलला, जुना स्प्रिंग शिकंज्यात दाबून काढला. जुना अन् नवा बाजूबाजूले उभे केले. जुना उंच, काळा, गंजलेला. नवा बुटका, लालभडक, मिरचीसारखा. माह्या अंगावर काटाच आला. आतल्या रबरी गट्टूले थोडी कात्री लावली, नाई तर गाडी त्याच्यावरच आपटत राहते. म्या म्हटलं, बोल्ट कस ना पक्के. म्हणे, नाई, आधी चाकं जमिनीले लागू द्या, गाडीचं वजन गाडीवर येऊ द्या, मग कसतो, नाई तर जोडावरचं रबरी बुश पिळून फाटते. मग गाडी खाली उतरवली.

ताई, काय रूप! कमानीनं टायरले असं झाकलं होतं जसं नव्या नवरीच्या कपाळावर पदर. मी रस्त्याच्या त्या बाजूले जाऊन उकिडवा बसलो अन् पाहतच राह्यलो. जाकीरभाई हात पुसत म्हणे, दो आदमी, मक्खन. चार आदमी, सोच समझ के. डिक्की भरना मत. म्या हाव हाव म्हटलं. बायको सुंदर दिसत असतांना माणूस डॉक्टरचं ऐकते का?

अन् खरं सांगतो, चालत होतीच तशी. वळणावर झोलत नसे, जिथं वळवली तिथं वळली. हां, रोजच्या रस्त्यावर गतिरोधक आला की तिरपी काढा लागे, एकेक चाक चढवून, खाटेवरून म्हातारं उतरवते तसं. मागून एसटीवाला हॉर्न देऊन देऊन थके. अन् वरवट बकालचे लोक! कोणी म्हणे, भाऊ, पंक्चर हाय का चारही? कोणी म्हणे, माल जास्त भरला दिसते. एक म्हातारा तर वाकून वाकून पाहे अन् म्हणे, बसली बाप्पा गाडी, लहान पोरगं बसते तशी मटकन बसली. कोणालेच कदर नाई. पण मले या लोकांची कदर पाहिजेच नव्हती. मले एकच माणूस पाहिजे होता.

अन् तेवढ्यात साळ्याचं लग्न ठरलं. गजूचं. मुलगी चिखलीकडची, म्हणजे वरात घाटावर जाणार. आता आमच्या सासरवाडीत नवरदेवाची गाडी म्हणजे थोरल्या जवायाचा मान. चुलत साळ्यांच्या साऱ्या लग्नांत नवरदेव माह्याच गाडीत बसला, जुन्या गाडीपासून. तर सासरे फोनवर काय म्हणते, जवाईबापू, यावेळेस प्रमोदच्या गाडीत बसवू म्हणतो गजूले, मोठी हाय, नवी हाय, फोटोत शोभून दिसीन. म्या म्हटलं, तुमची मर्जी मामा. फोन ठेवला अन् ताटाकडे पाठ करून बसलो. संगीता म्हणे, जेवा मुकाट्यानं, मी काही लुगडं फाडणार नाई.

पण नशीब पाहा. नवरदेवाले गाडीत त्याच्या मायनं हात धरून बसवाचं, ओवाळाचं, असा रिवाज हाय त्यांच्यात. दोन्ही गाड्या दारात उभ्या. सासूबाई प्रमोदच्या गाडीजवळ गेल्या, गुडघे दुखते बिचारीचे, पायरीवर पाय पोचेना, वरून नऊवारी. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग वळल्या, माह्या गाडीचं दार उघडलं अन् टेकल्यासारख्या आत बसूनच पाहिलं. म्हणे, याच्यात बरं हाय, ओट्यावर बसल्यावाणी, माहं पोरगं याच्यातूनच जाईन. झालं! आखूड स्प्रिंगचा असा उपयोग जाकीरभाईच्याही डोक्यात आला नसता. म्या प्रमोदकडे पाहिलं. तो हसून म्हणे, बरं झालं ना भाऊजी, आईले त्रास नाई. ना डोळ्यात काही, ना कपाळावर आठी. हाच वांधा, सांगितलं ना तुम्हाले.

गाडीले झेंडू लागला, शेवंती लागली. मानाची गाडी ठरली म्हणून ज्यानं त्यानं आपलं मानाचं सामान तिच्यातच आणून टाकलं. देवाची पेटी याच्यात. मुलीच्या शालूची सुटकेस याच्यात. विहिणीच्या मानाची पितळी घागर, लाडवांचे डबे, नारळाचं पोतं, सारं याच्यात. कोणी म्हणे ती काळी गाडी रिकामी हाय, तर सासरे म्हणे, छ्या, हे नवरदेवासंगच जाते. अन् म्या अडवलं का? नाई. उलट मीच म्हणे, आणा, आणा, अजून काय राह्यलं? एकेक डबा डिक्कीत गेला की मी प्रमोदकडे पाहो.

मागं नवरदेव, त्याच्या दोन्ही बाजूले दोन्ही बहिणी, संगीता अन् वर्षा. हो, प्रमोदची बायकोसुद्धा माह्याच गाडीत. पुढं मी अन् पाट, चौरंग मांडीवर घेतलेले मामेसासरे. अन् गजू तुम्ही पाहिला नाई. पोरगं देखणं हाय, पण लहानपणापासून लाडवांत वाढलं.

राजूरचा घाट लागला अन् माहा दिवस उगवला. वजनानं गाडी अजून खाली बसली होती, वळणावर अशी चिकटून चाले की काय सांगू. मागच्या उंच गाडीत लोकं या बाजूनं त्या बाजूले, दोघं उलट्या कराले उतरले म्हणे. गजू म्हणे, भाऊजी, झोपच येऊन राह्यली. मी शीळ वाजवली.

अन् मुलीचं गाव आलं. वेशीजवळ गावच्या लोकांनी स्वतःच्या हातानं केलेला गतिरोधक होता. सरकारी नाई, गावचा. मुरूम, सिमेंट अन् राग. दोन्ही बाजूले मंडपाचे बांबू, तिरपी काढाले जागाच नाई. पुढं मारुतीचं देऊळ, तिथं बँड उभा, मुलीकडचे लोक पाय धुवाले तांब्या घेऊन उभे. पुढची चाकं उतरली, मागची चढलीच नाई, अन् पोटाखालून असा आवाज आला जसा कोणी तवा खरवडला. गाडी टेकली. ना पुढं, ना मागं. बँडवाल्यानं वाजवाले सुरुवात केली अन् मधातच थांबला.

सारे म्हणे, उतरा, वजन कमी करा. बहिणी उतरल्या, मामेसासरे चौरंगासकट उतरले, डिक्की रिकामी केली, लाडवांचे डबे रस्त्यावर रांगेत. तरी हले ना. आता राह्यला कोण, तर नवरदेव. अन् मारुतीसमोर पाय धुतल्याशिवाय त्याचा पाय जमिनीले लावाचा नाई, हा त्यांच्याकडचा रिवाज, सासूबाईंनी घरून निघतांना शपथच घातली होती. तांब्या धरलेला माणूस म्हणे, तांब्या इथंच आणू का? मुलीकडचा म्हातारा म्हणे, नाई, मारुतीसमोरच. मुहूर्त निघून चालला. सासरे घामेजले. मी स्टेअरिंग धरून बसलो अन् मनात एकच, की गजू माह्या गाडीतून उतरला अन् त्या काळ्या गाडीत बसला, तर आजपासून मान गेला, कायमचा.

प्रमोद आला. म्या काच खाली केली अन् आधीच सांगितलं, तुह्या गाडीत बसवाचं नाव काढू नको. तो म्हणे, गाडी कोण म्हणते भाऊजी? त्यानं मागचं दार उघडलं, पाठ केली, वाकला अन् म्हणे, गजू, ये, बस. गजूले वाटलं गंमत हाय. प्रमोद म्हणे, ये बे, लवकर. अन् ते धूड, फेटा, तलवार, हारासकट, त्यानं खांद्यावर उचललं. उचललं ताई! गजू उतरला तशी माही गाडी एकदम वर आली, पाठीवरचं पोतं उतरलं की हमाल उभा राहते तशी. पण तिच्याकडे पाहते कोण? बँड असा सुटला! घाटावरचे, घाटाखालचे, सारे नाचत प्रमोदच्या मागं. वरून फुलं. मोबाइल हातात नसलेला एक माणूस नव्हता. मुलीकडच्या बाया म्हणे, बाई, यांच्याकडे जवाई खांद्यावर आणते वाटते नवरदेवाले, किती छान रिवाज. अन् वर्षा पदर खोचून नाचून राह्यली. अन् माही बायको? तिच्याहून जास्त.

मी फुलांची गाडी घेऊन मागं. रिकामी. दोन्ही बाजूले झेंडू, आत फक्त मी.

त्याच्या नंतर काय झालं सांगू? आता त्या घरात नवरदेवाच्या गाडीची गोष्टच कोणी काढत नाई. चुलत साळ्याचं लग्न ठरलं तर सासरे पहिला फोन प्रमोदले लावते, काय म्हणे, खांदा तयार ठेवा जवाईबापू. मले म्हणे, तुम्ही आरामात या. आरामात! जाकीरभाई म्हणे, जुने स्प्रिंग परत टाकू? म्या म्हटलं, राहू दे, गाडीचं आता कोणाले पडलं हाय. गाडी अजून तशीच खाली, रोज वरवट बकाल, रोज तिरपी.

आता दुपारच्याले गिऱ्हाईक नसलं की मी गोदामात जातो, युरियाची गोणी खांद्यावर घेतो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहिल्या दिवशी कंबर धरली. आता जमते. संगीतानं एकदा पाहिलं, दारात उभी राह्यली, म्हणे, पन्नाशीले आले, काय करून राह्यले हे? म्या म्हटलं, मालाची अदलाबदल. दुसऱ्या दिवशी डब्यात दोन उकडलेली अंडी जास्त होती.

गजूचं चांगलं चाललं हाय, बायको गुणाची हाय, देव त्यांले सुखी ठेवो. प्रमोदलेही देव उदंड आयुष्य देवो, मनापासून म्हणतो, माणूस सोन्यासारखा. फक्त पुढच्या लग्नाचा जो नवरदेव हाय ना, चुलत साळा, तो जरा किडकिडीत हाय. म्या आजच सासऱ्यांले फोन लावला, म्हटलं मामा, थोरला जवाई मी हाय.