कंपनीनं बेलभंडार उचलावा

मंडळी, आधी एक सांगा! माणसानं फसवलं, तर पाप त्या माणसाला लागतं. मग कंपनीनं फसवलं तर? — बघा, टाळकरीसुद्धा छताकडं बघायला लागले! बरं, ऐका.

वाळुंजवाडीत एक सरकारी बँक होती. म्हणजे काय, तर बंद खिडकी नि तिच्यामागं जेवत बसलेला साहेब! गरिबाला म्हणायचे, "उद्या या." बड्यांना मात्र घरपोच कर्ज! पुढं ती शाखा उठली नि खासगी बँक आली. काय तो थाट! गार हवा, मऊ खुर्ची, "या आत्या, बसा आत्या", वर हातात चॉकलेट! मंडळी, जिथं फुकट चॉकलेट मिळतं, तिथं आधी आपला खिसा चाचपावा!

तिथं खुर्चीवर कोण? खंडोबाच्या पुजाऱ्याचं पोरगं! धोंडबा गुरवांचा निशिकांत, गळ्यात टाय! पोरगा गुणी हो, पण मानगुटीवर टार्गेटचं भूत. महिनाअखेर आणखी एक विमा खपवायचा, नाहीतर घरी बसायचं. आणि समोर आली हौसाआत्या. म्हशी विकल्याचे पैसे कनवटीला.

"दिवाळीला डोळ्याचं आपरेशन हाय रं. तवर ठीव."

"ठेवच आहे ही, आत्या. जरा जादा व्याजाची."

ठेव कसली! विमा होता तो! दहा वर्षं पैसे अडकणार, नि आत्या सत्तरीची! निशिकांतला हे पक्कं ठाऊक होतं. पण घरी बायको पोटुशी. नोकरी गेली तर खायचं काय?

आत्या म्हणाली, "मला वाचाया येत न्हाई. देवळात चल. बेलभंडार उचल नि म्हण, दिवाळीला पैसं परत. मग आंगठा देते."

बेलभंडार म्हणजे? तळहातावर बेलाचं पान, चिमूटभर हळद, नि तोंडात खरं! खोटं बोलेल त्याचा वंश बुडतो म्हणतात.

शहरातून आलेले निशिकांतचे वरचे, रणदिवे साहेबही मागोमाग निघाले. देवळात खुद्द बापानं ताट पुढं केलं. पोराचा हात उठेना! घरातली पोटुशी डोळ्यांपुढं आली.

साहेब कानाशी लागले, "उचल की! हळदच तर आहे!"

"मग तुम्हीच उचला, साहेब."

"मी? मी कशाला? पैसे मी थोडेच घेतोय? कंपनी घेतेय!"

धोंडबा म्हणाले, "मग कंपनीला बोलवा. तिनं हात पुढं करावा."

"अहो, कंपनीला हात कुठून असणार?"

"पोरंबाळं?" आत्यानं विचारलं.

"नाहीत."

"मरणाचं भ्या?"

साहेब घड्याळ बघायला लागले!

"मग ती कुणाला भिणार गं बया!"

तेवढ्यात निशिकांत बोलला. "आत्या, ही ठेव नाही. दहा वर्षं पैसे मिळायचे नाहीत. खोटं बोललो मी."

आत्यानं पैसे पुन्हा कनवटीला खोचले. बापानं ताट खाली ठेवलं नि पोराच्या कपाळाला भंडार लावला. डोळे भरले होते म्हाताऱ्याचे.

दिवाळीला आपरेशन होऊन आत्याला दिसायला लागलं, नि निशिकांतची नोकरी गेली. खंडोबानं दुसरी दिली? छे हो! देवानं काय नोकऱ्यांचं कार्यालय उघडलंय? आता तो बाजाराला भाजीचा टेम्पो नेतो. पण लेकीला मांडीवर घेताना त्याचा हात कापत नाही.

हसलात? हसा! पण दुधात पाणी कुणी घातलं? — डेअरीनं! शाळेची देणगी कुणी खाल्ली? — कमिटीनं! अहो, डेअरीला काय हात आहेत? हात आपलेच की! तर मंडळी, आता हे भंडाराचं ताट तुमच्यात फिरेल. "मी नाही केलं, संस्थेनं केलं" असं जो यंदा एकदाही म्हणाला नाही, त्यानं खुशाल बेलभंडार उचलावा!

— अहो पतसंस्थेचे चेअरमन! चपला कुठं शोधताय? आरती व्हायचीय अजून!